लेकीच्या घरचं पाणी

॥ श्री विघ्नहर ॥

मंचर,
५ जानेवारी २००५

चि. सौ. हर्षाली हिस अण्णांचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं दिवाळीचं पत्र परवा पोचलं. पोस्टमननं पाकीट उलटंसुलटं करून विचारलं की हे कोमोरोस कुठं आलं. मी म्हटलं, आफ्रिकेच्या पलीकडं, मादागास्करच्या अलीकडं, समुद्रात. तो म्हणाला, राव, लेक लईच लांब दिलीत. मी त्याला सांगितलं की मी ओझरला दिली होती, तिकडं ती आपली आपण गेली.

तर बातमी अशी की मी येतोय. पासपोर्ट आला. पुण्यात तिकिटाच्या ऑफिसात गेलो, तर तिथल्या पोरीनं तुझ्या देशाचं नावच ऐकलं नव्हतं. तिनं आधी मालदीव दाखवलं, मग मॉरिशस, आणि शेवटी म्हणाली, काका, अंदमानचं पॅकेज स्वस्तात बसेल, समुद्र सगळीकडं सारखाच. मी म्हटलं, बाई, मला समुद्र बघायचा नाही, लेक बघायचीय. मग तिच्या साहेबानं रस्ता काढून दिला. मुंबईहून नैरोबी, तिथून मोरोनी. पिवळ्या तापाची सुई टोचून घ्यावी लागते, तीही घेईन. दुकान मे महिन्यात बंद ठेवता येत नाही, पंपांच्या मोटारी जळायचा तोच सीझन. जूनमध्ये पाऊस लागला की विहिरींवरची कामं थांबतात, तेव्हा आठवडाभर येतो. तुझ्या आईचं अजून ठरत नाही. विमानाला भिते.

आता व्यवस्थेचं. लेकीला मूल होईस्तोवर आईबापानं तिच्या घरचं पाणी पिऊ नये, ही आपल्याकडची रीत तुला ठाऊकच आहे. मी सोवळंओवळं करणारा माणूस नाही, पण ही एक पाळतो. तेव्हा तू माझ्यासाठी काही करत बसू नको. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, आठवड्याचं सगळं तुझी आई बांधून देईल. पाण्याच्या बाटल्यांचा एक बॉक्स घेतो. विमानात वीस किलो चालतं, त्यात माझे कपडे दोन किलो. भरतरावांना म्हणावं, घराजवळ एखादा लॉज बघून ठेवा. रात्री तिथं, दिवसा तुझ्या ओसरीवर. ओसरीवर बसायला रीत आडवी येत नाही.

हे सगळं फोनवर बोललो असतो, पण फोनवर तू नुसतं बरं म्हणतेस. फूटव्हॉल्व गळत असला की पंप पाण्याबरोबर हवा ओढतो, तसं तुझं बरं हल्ली ऐकू येतं. तब्येतीला जप.

कळावे. लोभ आहे तेवढा तरी जपून ठेवावा.

तुझा अण्णा
कुंडलिक हिंगे


मोरोनी, कोमोरोस
२८ जानेवारी २००५

ती. अण्णांस हर्षालीचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. येऊ नका.

हे पहिल्याच ओळीत लिहिलं, कारण तुम्ही पत्र दुकानात उभ्यानं वाचता आणि गिऱ्हाईक आलं की शेवट वाचायचा राहतो.

तुमचं पत्र वाचून भरतनं लॉज शोधायला सुरुवातही केली होती. तुमचा शब्द त्याला देवाच्या ठिकाणी. मी त्याला सांगितलं, शोध, पण दोन खोल्या घे, तूही तिथंच राहा. तेव्हा थांबला.

चिंचवडला आम्ही पहिलं घर घेतलं तेव्हा तुम्ही आला होतात, ते आठवतं का? मी पहाटेपासून पुरण शिजवत होते. तुम्ही आलात, सोफ्यावर बसलात, पिशवीतून थर्मास काढलात, फडक्यातली भाकरी काढलीत आणि मांडीवर ठेवून जेवलात. शेजारच्या बाई तेवढ्यात आल्या. त्यांनी तुमच्याकडं बघितलं, माझ्या पुरणाच्या पातेल्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी सांगितलं, वडिलांना पथ्य आहे. त्या हो म्हणाल्या, पण त्यांच्याही माहेरी तीच रीत असणार, कारण जाताना त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. तो हात मला अजून पाठीवर जाणवतो. त्या पोळ्या आम्ही दोघं दुसऱ्या दिवशीही खात होतो.

आता इथलं ऐका. या बेटावर नदी नाही. ओढासुद्धा नाही. पाऊस भरपूर पडतो, पण ज्वालामुखीच्या काळ्या दगडातून खाली निघून जातो. आम्ही शहराच्या वर डोंगराकडं राहतो, इथं नळ नाही. म्हणून घरोघरी छपराला पन्हळ आणि पन्हळीखाली सिमेंटचं टाकं. नाणेघाटात तुम्ही मला दगडात खोदलेली टाकी दाखवली होती, तसंच समजा. नोव्हेंबर ते एप्रिल भरायचं आणि पुढचा पाऊस येईपर्यंत पुरवायचं. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यायचं, छप्पर धुऊन घ्यायचं, फडकं बांधून गाळायचं, रोज पानं काढायची. हे सगळं मी करते. इथं आलेल्या माणसापुढं घरातलं सगळ्यात मोलाचं ठेवायचं म्हणजे पाणी ठेवायचं. आणि तुम्ही बॉक्स घेऊन येणार.

घर झैनबाचं आहे. ती शेजारीच राहते, आम्ही तिच्या मागच्या खोल्यांत भाड्यानं. हे घर तिच्या वडिलांनी बांधलं. ती जन्मली त्या वर्षी पाया घातला आणि जमेल तसा एकेक थर चढवत गेले. इथं घर लेकीचं असतं, अण्णा. नवरा लग्न करून तिच्या घरी राहायला येतो. आणि तिचे वडील आता म्हातारपणी रोज संध्याकाळी तिच्या ओसरीवर येऊन बसतात, जेवायला मागतात, मीठ कमी पडलं तर ओरडतात. मला ते ओरडणं ऐकत राहावंसं वाटतं. परवा झैनबानं विचारलं, तुझे वडील येणार म्हणे, त्यांना काय आवडतं. मी म्हटलं, त्यांना पथ्य आहे. तुमच्यासाठी दुसऱ्या देशात दुसऱ्यांदा खोटं बोलले.

पाणी पिणार असाल तर या. नाहीतर अंदमानचं पॅकेज चांगलं आहे.

आईला नमस्कार. यावेळी लोभ मागत नाही.

हर्षाली


॥ श्री विघ्नहर ॥

मंचर,
२२ फेब्रुवारी २००५

चि. सौ. हर्षाली हिस आशीर्वाद. वि. वि.

पत्र दुकानात उभ्यानंच वाचलं आणि शेवटपर्यंत वाचलं. एक गिऱ्हाईक चार हॉर्सपॉवरचं बिल करून घ्यायला उभं होतं, ते परत गेलं. बापाला येऊ नका म्हणून लिहिणारी हिंग्यांच्या घरात तू पहिली. शिकवलं मी, तेव्हा तक्रार कुणाकडं करू.

तुझी आत्या गोजरबाई अवसरीला घरी आली होती. तिला सगळं सांगितलं. ती माझ्याहून मोठी आणि रीतिभातींत माझ्याहून कडक, तरी तिनं तोड काढली. ताटाखाली अकरा रुपये ठेवायचे आणि जेवायचं. मग ते लेकीचं राहत नाही, विकतचं होतं. मला मान्य आहे. पाण्याच्या तांब्याखालीही ठेवीन. तुला तेही कमीपणाचं वाटत असेल तर मग तूच सांग काय करायचं.

तू समजतेस की मी तुला कमी लेखतो. ही रीत कुणी घातली मला माहीत नाही आणि घालणारा भेटला तर मी त्याला दोन शब्द ऐकवीन. पण ती घातलीय, आणि लोकांत तिचा अर्थ एकच. नातवंडाआधी बाप लेकीच्या घरचं पाणी प्याला, म्हणजे त्यानं वाट बघणं सोडलं. मी सोडलेलं नाही. चतुर्थीला ओझर, आणि महिन्यातून एकदा लेण्याद्री चढतो. पार्वतीनं लेकरासाठी तप केलं ते तिथंच. गुडघा बेअरिंग गेल्यासारखा वाजतो, मला दर पायरीला ऐकू येतो, तरी चढतो. पाणी न पिणं हे माझं वाट बघणं आहे. आणि तू त्याला अपमान म्हणतेस, अंदमानला जा म्हणतेस.

तिकीट काढलंय. ते परत होत नाही आणि मीही होत नाही. तू दार लावलंस तर त्या झैनबाच्या ओसरीवर बसेन. तिच्या घरचं पाणी मला चालतं, ती माझी लेक नाही.

कळावे. माझा राग मी गिळतो, तुझा तू गीळ. मधे थोडा लोभ उरला तर राहू दे.

अण्णा


अवसरी बुद्रुक
१ मार्च २००५

चि. हर्षूस आईचा आशीर्वाद.

चौथी शिकलेल्या बाईचं पत्र हाय, चुका काढत बसू नको. शेजारच्या गोरखच्या पोरीकडून पाकिटावर पत्ता लिहून घेतलाय, आतलं मी लिहिलंय.

तुमची दोघांची पत्रं मी वाचली. तुझे अण्णा समद्या मंचरात सांगत फिरत्यात, ती इमानाला भिती. मी इमानाला भीत न्हाई. लेकीच्या घरी न्यायचं आन् तोंडाला फडकं बांधून बसवायचं, ह्यासाठी मी येत न्हाई. तुझ्या चुलीपुढं बसून मी माझ्या दशम्या सोडू व्हय? त्यापरीस इथं म्हशी बऱ्या.

पन राग मला तुझा बी हाय. तू चिंचवडला व्हतीस तवा मला सांगितलंस डाक्टर काय म्हनले ते. आन् आण घातलीस, अण्णांना सांगू नको, त्यांना सोसायचं न्हाई. मी गप ऱ्हायले. तू समुद्रापल्याड गेलीस, मी इथं ऱ्हायले, ते गप ऱ्हानं माझ्याच गळ्यात. दर महिन्याला हे लेण्याद्रीला निघत्यात. मी डबा भरून देते. पोळी लाटताना मला ठावं असतं का हे कशापायी चढत्यात आन् ते व्हायचं न्हाई. मागल्या महिन्यात पायरीवरनं पडले. कोपर फुटलं. तुला कळवू नको म्हनले. तू यांना सांगू नको म्हनतीस, हे तुला सांगू नको म्हनत्यात, आन् मी दोघांची पेटी झाले, कुलूप लावलेली.

यांचं कान लई तिखट म्हनून गावात नाव हाय. रस्त्यावरनं जाताना कुनाची मोटर कुठं घासती ते सांगत्यात. शेजारी बाई रातभर जागी हाय ते ऐकू येत न्हाई.

आता तू सांग. न्हाईतर गुढीपाडव्याला मी सांगते, आन् मी सांगितलं तर मी रडून सांगंन, ते त्यांना जास्त लागंल.

भरतरावांना आशीर्वाद. मनात राग धर पन माया सोडू नको.

तुझी आई
द्रौपदा


मोरोनी
२२ मार्च २००५

ती. अण्णांस सा. न. वि. वि.

तुम्ही पडलात हे मला आईनं कळवलं. तुम्ही नाही.

आता माझं ऐका. हे पत्र दुकानात वाचू नका, घरी जाऊन वाचा.

आम्हाला मूल होणार नाही. पुण्यातल्या डॉक्टरांनी पाच वर्षांपूर्वी सांगितलं, मग मुंबईतल्यांनीही तेच सांगितलं. कुणात काय कमी आहे ते विचारू नका. आम्ही दोघांनी ठरवलंय की ते तिसऱ्या माणसाला कळणार नाही, आणि तुम्ही तिसरेच आहात. त्यावर रडून झालं, भांडून झालं. इथं आलो ते त्यानंतरच. भरतला दुसरीकडंही जनरेटरचं काम मिळत होतं. पण इथं आम्हाला ओळखणारं कुणी नव्हतं, म्हणून हे बेट.

तुम्हाला सांगितलं नाही कारण तुमची आशा मोडायला मला भीती वाटली. मग राग यायला लागला. तुम्ही जेवढ्या वेळा चढलात तेवढ्या वेळा मला उणी ठरवलंत. कुणी माझ्यासाठी देवाकडं काही मागतंय, याचा अर्थ मी अजून पुरी नाही असाच ना? मी पुरी आहे, अण्णा. सकाळी इंग्रजी शिकवते, दुपारी झैनबाबरोबर लवंगा वाळवते, रात्री आम्ही दोघं ओसरीवर बसून भांडतो आणि हसतो. याला घर म्हणतात. यात पाणी आहे, आणि ते पिण्यासारखं आहे.

तर आता तुमच्या रीतीचा हिशोब असा होतो की तुम्ही जिवंत असेपर्यंत माझ्या घरी तहानलेले राहणार. अकरा रुपयांची गोष्ट परत लिहू नका. मी खानावळ काढलेली नाही.

या किंवा येऊ नका. पण आता समजून या.

हर्षाली


॥ श्री विघ्नहर ॥

अवसरी बुद्रुक,
२२ एप्रिल २००५

हर्षाली,

मायना लिहिला नाही. काय लिहावं ते सुचलं नाही.

तुझं पत्र घरी येऊन वाचलं. मग मी तुझ्या आईशी बोलणं बंद केलं. तिनं दोन दिवस वाट बघितली आणि तीही बंद झाली. आता घरात फक्त म्हशी बोलतात. दुकानात सोमनाथनं विचारलं, मालक, बरं नाही का. तो हुशार मेकॅनिक आहे, पण त्याला मी एवढा ओरडलो की त्यानं हातातला पाना खाली ठेवला आणि चहाला निघून गेला. राग कुणाचा आणि निघतो कुणावर.

तुमचा मूल न होण्याचा मला राग नाही, हे आधी लिहितो. राग याचा आहे की तुम्ही मायलेकींनी ठरवलं, याला सोसायचं नाही. मी कोवळ्या वयात दुसऱ्याच्या विहिरीत उतरून गाळ काढला. वर दोर धरणारा दारू प्यालेला असायचा आणि तरी मी उतरायचो. काय सोसायचं नाही मला? मोटारीची रिंग गेलेली मला रस्त्याच्या पलीकडून ऐकू येते, आणि एवढी वर्षं माझ्याच घरात दोन बाया माझ्यावरून गप बसल्या, ते मला ऐकू आलं नाही. लोकांना मी कान दाखवत फिरलो. याचा राग आहे, आणि तो उतरत नाही.

परवा टीव्हीवर तुमचा डोंगर फुटल्याचं दाखवलं. आई आणि मी एकमेकांशी न बोलता फोनपाशी आलो. फोन लागला. तू म्हणालीस, थोडी राख पडली, बाकी सगळं ठीक. तेवढ्यात तुझ्या मागं कुणीतरी टाक्यात बादली सोडली. पाण्यावर पडलेली बादली आणि गाळात पडलेली बादली, हा फरक मी माझ्या पोटासाठी शिकलोय. ती गाळात पडली. तुझं टाकं गेलं ना? पावसाळा संपता संपता भरलेलं टाकं गेलं, आणि तू मला बरं म्हणालीस. अजून सोसायचं नाही वाटतं मला.

मी येतोय. रागातच येतोय. पाण्याचं काय करायचं ते अजून माझं ठरलेलं नाही, आणि ठरलेलं नसताना ठरलं म्हणून लिहिणार नाही. बाटल्यांचा बॉक्स आणतो. आता तो तुम्हाला लागेल.

अण्णा


मोरोनी
२ मे २००५

ती. आईस सा. न. वि. वि.

अण्णांचं उत्तर अजून आलं नाही, म्हणून तुलाच लिहिते. फोनवर मी ठीक म्हटलं, कारण अण्णांचा श्वास मोठा ऐकू येत होता.

राख रात्रभर पडत होती. सकाळी उजाडलंच नाही, दुपारपर्यंत संध्याकाळ होती. छपरावर राख, पन्हळीत राख, आणि पन्हळीतून सगळी टाक्यात. मी झाकण लावलं होतं, पण पन्हळीचं तोंड काढायचं राहिलं. झैनबाचं टाकंही गेलं. पाण्याला गंधकाचा वास येतो आणि तळाला करडा चिखल बसलाय. वर्षभरासाठी एकदाच भरलेलं टाकं, आई. फडकं बांधून, रात्री उठून पन्हळ बघून भरलेलं. आता नोव्हेंबरपर्यंत पाऊस नाही. मदतीचा टँकर कधी येतो, कधी नाही. आपल्याकडं आंबेगावात डोंगरावरच्या वाड्यांना येतो तसंच, हंडे घेऊन पळायचं.

भरत आणि झैनबाचा नवरा चिखल काढायला बसले होते, पण राख सिमेंटसारखी धरली आहे. गडी मिळत नाहीत, सगळ्यांचीच टाकी गेली आहेत.

मला हसू येतं आणि राग येतो. अण्णांनी पाणी प्यावं म्हणून मी एवढं भांडले, आणि आता द्यायचं म्हटलं तरी माझ्याकडं नाही. ते आपलं पाणी आणतील, आपलं पितील, आणि मला काही बोलता येणार नाही. त्यांची रीत जिंकली.

तू आली असतीस तर बरं झालं असतं. पण का येत नाहीस ते कळतं, आणि त्यासाठी तुझ्यावर जास्तच जीव जडतो. तोही सांभाळ.

हर्षू


मोरोनी
११ जून २००५

सौ. द्रौपदा हिस,

तुला कधी पत्र लिहिलं नाही, त्यामुळं मायना येत नाही. आशीर्वाद लिहिला तर तू हसशील, नमस्कार लिहिला तर मी. तेव्हा कोरा सोडतो, तुला हवं ते भर.

हे पत्र माझ्यामागून येईल. मी घरी पोचून जुना झालेला असेन. तरी लिहितो, कारण आपण बोलत नाही, आणि बोलायला लागलो तरी हे मला तोंडानं सांगता येणार नाही.

विमानतळावर हर्षाली आली होती. वाकून नमस्कार केला, वीजबिल भरल्यासारखा, आणि गाडीत भरतरावांच्या शेजारी पुढं बसली. लॉज बघितलेलाच नव्हता. ओसरीवर खाट टाकली होती. पहिले दोन दिवस मी त्या खाटेवर तुझ्या दशम्या खाल्ल्या आणि माझं पाणी प्यालो. ती आत स्वयंपाक करायची, भांडी आपटायची, आणि मला काही विचारायची नाही. एका भिंतीच्या दोन बाजूंना दोघं जेवायचो. भरतराव ताट घेऊन उंबऱ्यात बसायचे, ना आत ना बाहेर. गरीब माणूस. उरलेल्या बाटल्या मी तिला दिल्या, त्या तिनं घेतल्या आणि झैनबाच्या पोरांना वाटून टाकल्या. माझ्यासाठी मोजून ठेवल्या तेवढ्या माझ्या पिशवीत परत.

झैनबाचा बाप रोज संध्याकाळी येतो. माझ्यापेक्षा म्हातारा, एक डोळा अधू. शेजारच्या ओसरीवर बसतो, पोरीला हाक मारतो, ताट येतं, एक घास खाऊन ओरडतो. ती आतून त्याच्यावर ओरडते. मग तो सगळं चाटूनपुसून खातो. त्या टंचाईतही त्याला आधी पाणी. दुसऱ्या दिवशी तो कसल्या तरी पाल्याचा काढा घेऊन माझ्याकडं आला आणि पोटावर हात ठेवून काहीतरी विचारत राहिला. भरतरावांनी सांगितलं, तो विचारतोय तुमचं पथ्य कधी संपणार, हा काढा घ्या, पोट सुधारेल. हर्षाली दारात उभी होती. मी काढा प्यालो. कडू होता. तो खूष झाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पायजमा वर खोचला आणि टाक्यात उतरलो. कुणाला विचारलं नाही. तळाला राख अशी बसली होती की फावडं वाजायचं. खाली थोडं पाणी मारून मऊ करायचं आणि कडेनं सोलत यायचं, विहिरीतही असंच करायचो. भरतराव बाहेर ढीग हलवत होते. दोर हर्षालीनं धरला. ती लहान असताना आपल्या मळ्यातल्या विहिरीवर धरायची, आठवतं ना. दोर एकदा हलवला की ओढायचं, दोनदा हलवला की थांबायचं. दोन दिवस आम्ही तेवढंच बोललो. पण द्रौपदा, मी एकदा दमून नुसताच दोराला धरून उभा राहिलो, हलवला नाही, तरी तिनं वरून विचारलं की अण्णा, बसता का थोडं. म्हणजे ऐकायचं तिलाही येतं.

काल टाकं धुऊन झालं. दुपारी मोरोनीहून टँकर आला. गुडघाभर पाणी पडलं. मी ओसरीवर येऊन बसलो. घसा राखेनं भरला होता. ती बाहेर आली आणि माझ्या पिशवीतली बाटली काढून माझ्यापुढं ठेवली. ठेवली नाही, आदळली. मी सांगितलं, ही नको. तिनं विचारलं, मग कुठली. मी म्हटलं, तुझ्या टाक्यातलं दे.

ती आत गेली आणि येईना. मला वाटलं, देत नाही, आणि न दिलं तर तिचं बरोबरच आहे. मग आतून आवाज यायला लागला. तांब्या घासत होती. लग्नात आपण दिला तो, तांब्याचा. आधी जोरात, मग हळू, मग परत जोरात. एक तांब्या घासायला एवढा वेळ लागत नाही. नळ नसलेल्या घरात एवढं पाणी कुणी तांब्या घासायला घालत नाही. ती कोरडाच घासत होती. मी ते सगळं ऐकलं. यावेळी ऐकलं, एवढं तुला सांगायचं होतं.

बाहेर आली तेव्हा डोळे लाल आणि चेहरा रागीटच. तांब्या हातात धरून ठेवला आणि विचारलं की अण्णा, हे प्याल्याचा अर्थ काय होतो ते तुम्हीच लिहिलं होतं, आठवतं ना. मी म्हटलं, आठवतं. तिनं विचारलं, सोडलं का वाट बघणं. भरतराव तिथंच उभे होते, खाली बघत. मी म्हटलं, सोडलं. तेव्हा तिनं तांब्या दिला.

पाण्याला गंधकाचा वास होता, टँकरच्या लोखंडाची चव होती. एका दमात प्यालो. परत मागितलं, तर म्हणाली, नाही, नोव्हेंबरपर्यंत पुरवायचंय, एकाला एकच. मी तिच्यावर ओरडलो. ती माझ्यावर ओरडली. शेजारच्या ओसरीवरून तो म्हातारा हसायला लागला.

लेण्याद्रीला मी पुढंही जाईन, पण आता मागायला नाही. तू बरोबर चल, डबा मी धरतो.

आज निघायच्या आधी माझ्या बाटलीत उरलेलं मंचरचं पाणी मी अंगणातल्या लवंगेच्या रोपाला ओतलं. रिकामी बाटली तिच्यापुढं धरली आणि म्हटलं, ही भर. तिनं एकाला एकच म्हणून आठवण करून दिली. मी म्हटलं, माझ्यासाठी नाही, तुझ्या आईसाठी. मग तिनं काठोकाठ भरली, आणि झाकण घट्ट आहे का ते दोनदा बघितलं.

ती बाटली मी काही न बोलता ओट्यावर ठेवून दुकानाला गेलेलो असेन, आणि हे पत्र येईल तेव्हाही ती तिथंच असेल. तुला राग असेल, तो असू दे, मलाही आहे. बोलायचं नसेल तर बोलू नको. पण दार लावून घे, आणि लेकीच्या घरचं पाणी पी.

कळावे. लोभ होता की नाही ते तुला विचारायचं राहून गेलं, तेवढं हे वाचून झाल्यावर सांग.

तुझा
कुंडलिक